यंत्र सांगतंय, वळ!

अंजूरमध्ये दादांना रस्ता विचारायची चूक फक्त परगावचा माणूस करायचा. दादा ओट्यावर बसलेले असायचे. अंगात पांढरी बंडी, गळ्यात सोन्याची जाड साखळी, आणि चेहरा असा की पंचक्रोशीतला दगडन् दगड या माणसाला ओळखत असणार. ट्रकवाला खाली उतरून गोदामाचा पत्ता विचारायचा. दादा उठायचे, लुंगी सावरायचे आणि हात लांब करून अतिशय आत्मविश्वासानं चुकीची दिशा दाखवायचे. ट्रक धूळ उडवत गेला की काकी आतून ओरडायची, "अजून एकाला खाडीत धाडलात ना?"

यात खोडसाळपणा नव्हता. दादांना खरोखरच दिशा कळत नसत. "देवानं मना समदं दिलं," ते स्वतःच सांगायचे, "पन पूर्व-पच्चिम बसवायची इसरला." भिवंडीच्या बाजारात सुके बोंबील आणायला निघालेले दादा एकदा संध्याकाळी अंबाडीहून पोतंभर काकड्या घेऊन परतले होते. विचारलं तर म्हणाले, "जिथं पोचलो तिथं जे भेटलं ते आनलं." काकीला बघायला गेले तेव्हाही ते चुकीच्या घरात शिरले होते. तिथल्या लोकांनी पाहुणा आलाय म्हणून पोहे दिले. यांनी ते खाल्ले, पाणी घेऊन आलेली मुलगी पसंत केली आणि तसं सांगूनही टाकलं. त्या मुलीचा साखरपुडा आधीच झाला होता म्हणून निभावलं. काकी हे आल्यागेल्याला सांगायची आणि दादा शांतपणे ऐकून घ्यायचे. शेवटी एवढंच म्हणायचे, "पोहे बाकी चांगले व्हते."

मी त्यांचा भाडेकरू. धामणकर नाक्यावरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात मला झोप लागेना, म्हणून अंजूरला दादांच्या घरावरची खोली घेतली होती. खाली दादा, काकी आणि त्यांची एकुलती एक मुलगी मनीषा. घरातले सगळे मला 'मास्तर' म्हणत. माझ्या खोलीत एक सेकंडहँड कॉम्प्युटर होता आणि दादांना त्याच्याबद्दल इतका आदर होता की ते चपला जिन्याखाली काढून वर येत.

एक गोष्ट सांगायला हवी. शेतात दादा कधीच चुकत नसत. चिंचेपासून विहीर, विहिरीपासून बांध, बांधावरून खाडीकाठच्या खारीतलं शेत, एवढं त्यांच्या पायांना पाठ होतं. डोक्याचा तिथं संबंधच येत नव्हता. पण मग गोदामं आली. शेतात भराव पडला, चिंच गेली, विहीर बुजली आणि तिथं एकसारख्या निळ्या पत्र्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. जमीन दादांचीच होती, पण दादांना ती सापडेना. एकदा आपल्याच गोदामाकडे जातो म्हणून ते सकाळी निघाले ते जेवायच्या वेळेपर्यंत आलेच नाहीत. शेवटी मनीषानं त्यांना ट्रक ड्रायव्हरांच्या घोळक्यातून शोधून आणलं. ते तिथं स्टोव्हवरचा चहा पीत बसले होते. गाव हसलं. दादाही हसले. पण हात धुताना ते मला हळूच म्हणाले, "मास्तर, बापाच्या शेतात हरवलो. ह्ये काय बरं न्हाय."

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत यंत्र आलं.

दादांचा भाचा बोटीवर कामाला होता. सुट्टीवर येताना मामाची ख्याती ध्यानात ठेवून त्यानं एक जीपीएस यंत्र आणलं. मुठीत मावणारं, राखाडी, वर शेंडीसारखं एक टोक, आत पेन्सिल सेल. मोबाइलमध्ये नकाशे दिसायचे दिवस अजून यायचे होते. फोनला रेंज मिळाली तरी माणसं खूश व्हायची. भाच्यानं अंगणात उभं राहून यंत्र चालू केलं आणि सांगितलं की हे आकाशातल्या उपग्रहांशी बोलतं आणि आपण कुठं आहोत ते दाखवतं.

दादांनी टोपी काढली, आकाशाला नमस्कार केला आणि पडद्यात डोळे घातले. पडद्यावर एक काळी रेघ होती, ती म्हणजे हायवे. लहान पोरानं काढल्यासारखी समुद्राची किनार होती. आणि या दोन्हींच्या मधल्या मोकळ्या पांढऱ्या जागेत एक बाण उभा होता.

"ह्यो कोन?"

"तुम्ही, मामा."

"आनि गाव?"

"गाव यात नाही टाकलेलं कंपनीनं."

दादांचा चेहरा उतरला. "आमचं आजे-पनजे हितं मेलं," ते म्हणाले, "आनि हितं नुसता कोरा कागद?"

मी तिथंच उभा होतो. नकाशा आपणही बनवू शकतो, कॉम्प्युटरवर काढायचा आणि केबल लावून यंत्रात भरायचा, असं मी कुठंतरी वाचलं होतं, ते बोलून गेलो. दादा तडक आत गेले आणि बाहेर आले ते पँट घालून. दादा पँट फक्त लग्नाला आणि मतदानाला घालत. "चला मास्तर," ते म्हणाले, "कवा सुरू करायचं?"

पहिला नकाशा आम्ही एका जुन्या सरकारी नकाशावरून केला. दादांच्या ओळखीच्या एका सर्व्हेयरनं तो दिला. भिवंडीत एका दुकानात तो तुकड्यातुकड्यांत स्कॅन केला, माझ्या कॉम्प्युटरवर जोडला आणि त्यावरून मी माउसनं रस्ते, ओढे, खाडी गिरवली. गोदामं त्यात नव्हतीच, ती अंदाजानं घातली. दादा माझ्या मागं खुर्ची टाकून बसायचे. "ह्यो रस्ता जरा रुंद काढ, तिथं माज्या साडूचं घर हाय."

मग नकाशा यंत्रात भरायचा समारंभ. केबल जाड्या पिनांची, भरण्याचा वेग गोगलगायीचा, आणि अंजूरची वीज लहरी. शिवाय यंत्र नवीन नकाशा घ्यायच्या आधी जुना पुसून टाकायचं, त्यामुळे मध्येच लाइट गेली की पुन्हा कोरा कागद. एकदा काकीनं खाली मिरच्या कुटायला घेतल्या आणि त्याच क्षणी केबल सैल होऊन सगळं बंद पडलं. तेव्हापासून दादांनी नियम केला. नकाशा भरत असताना घरात कुटायचं नाही, दार आपटायचं नाही, शिंकायचं असेल तर अंगणात जायचं. "मास्तर नकाशा भरताहेत," काकी शेजारणींना दबक्या आवाजात सांगायची, वरच्या खोलीत कुणी बाळंत होत असल्यासारखी.

नकाशा भरला. दादा यंत्र घेऊन आपल्या माजघरात उभे राहिले, आणि ओरडलेच. "मास्तर! मी शेजारच्याच्या गोठ्यात हाय!"

खरंच. बाण शेजारच्या म्हशींच्या गोठ्यात उभा होता. आम्ही ओट्यावर गेलो, बाण म्हशींच्या मागच्या उकिरड्यावर गेला. शेजारी कुंपणावरून बघत होता. त्याला काय झालं ते कळल्यावर तो म्हणाला, "यंत्र बराबर सांगतंय दादा. त्याला मान्सं कळतात."

मी बरीच शोधाशोध केली तेव्हा उलगडा झाला. जुन्या सरकारी नकाशाची मोजणी एका हिशोबानं झालेली असते आणि उपग्रहांची दुसऱ्या. त्या जुळवून न घेता एकावर एक ठेवल्या की सगळं गाव उचलून एका गोदामाएवढं बाजूला ठेवल्यासारखं होतं. दादांना हे लगेच पटलं. "सरकारनं सरकवलं," ते म्हणाले. "नावातच हाय त्याच्या."

तेव्हा त्यांनी ठरवलं, आता कुणाचा कागद नको. आपण स्वतः चालायचं. यंत्र चालू ठेवून चाललं की आपल्या वाटेची रेघ त्यात उमटते, ती रेघ कॉम्प्युटरवर घेतली की झाला रस्ता. रोज सकाळी दादा पँट घालून निघायचे. वरच्यांना नीट दिसावं म्हणून यंत्र तळहातावर ठेवून तो हात प्रसादाच्या ताटासारखा डोक्याच्या वर धरायचे. उपग्रहांना ते 'वरचे' म्हणायचे. "आज वरचे कमी आलेत," असं म्हणून ढगाळ दिवशी परत फिरायचे. चिंचोळ्या गल्लीत सिग्नल गेला की हाक मारायचे, "आवो, हितं हाय मी!"

आणि ते काय मोजत होते? गोदामांच्या भिंतीभिंतीनं चालत होते, पण सांगत होते शेतांची नावं. पत्र्यावर मोठ्या अक्षरात बी-फोर लिहिलेलं असलं तरी त्यांच्या लेखी तो 'म्हसखड्डा' होता, कारण तिथं आजोबांची म्हैस रुतली होती. त्याच्या पलीकडची 'चिंचखाली'. त्याच्या पुढची 'सासूची खार'. यंत्राला देवनागरी येत नव्हती आणि नावाला अक्षरंही मोजकीच चालत, म्हणून म्हसखड्ड्याचा इंग्रजीत 'म्हसखड' झाला आणि सासूची नुसतीच 'सासू' राहिली. शेतांबरोबर आणखीही ठिकाणं आली. चावरं कुत्रं कुठं असतं, तंबाखू देणारा वॉचमन कुठल्या फाटकावर, लघवीला आडोसा कुठं, कुठल्या मेहुण्याच्या दारावरून जायचं टाळावं, सगळं. कॉम्प्युटरवर नकाशा उघडला की ते बोट फिरवत सांगायचे, "ह्यो बग माजा बाप हितं नांगर धरायचा." पडद्यावर तिथं निळ्या पत्र्याचा चौकोन असायचा.

हा नकाशा जुळला. यंत्र हातात असलं की दादा चुकत नसत. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस घरातून निघून, पोचायचं तिथं पोचून, त्याच दिवशी घरी यायला लागला. काकीला सवय नव्हती, ती जेवण उशिरानंच करायची. मग दादा ओट्यावरून उठून ट्रकवाल्यांना वाट दाखवायला जाऊ लागले. केबिनमध्ये चढून बसायचे, यंत्र पुढ्यात धरायचे. "दादाजी, मुझे बी-फोर जाना है," एखादा सरदारजी ड्रायव्हर काकुळतीला येऊन म्हणायचा. "बी-फोर कुछ नहीं होता," दादा सांगायचे, "तुमको भैंसखड्डा जाना है." आणि त्याला बरोबर बी-फोरला नेऊन सोडायचे.

एकच घोळ होता. नकाशात काही बदल केला की दादा म्हणायचे, "आता फायनल." फाइलला नावही तेच द्यायला लावायचे. पहिल्या, गोठ्यातल्या नकाशाचं नाव 'फायनल'. चालून केलेल्याचं 'खरा फायनल'. जुना पुसू का विचारलं तर म्हणायचे, "राहू दे. पयलं पोर हाय."

मनीषाचं लग्न ठरलं ते अंबाडीच्या पुढच्या, वाड्याच्या वाटेवरच्या एका गावात. मुलगा चांगला होता, शाळेत नोकरीला. त्याची आई मात्र करारी बाई. नवरा लवकर गेलेला, शेती आणि पोरगा तिनं एकटीनं सांभाळलेले. ती लग्नाची सुपारी फोडायला आली तेव्हा दादा तिला यंत्र दाखवायला गेले. तिनं ते लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "तोंड हाय ना आपल्याला? इचारायचं."

दादांनी मांडव घातला तो गोदामांच्या रांगेत उरलेल्या एका मोकळ्या तुकड्यावर. वरातीला गोदामांच्या गल्ल्यांतून वाट सापडायची नाही, म्हणून अंबाडीहून वरात आपण स्वतः आणायची असं त्यांनी जाहीर केलं. काकी म्हणाली, "कुनीबी जा, पन तुमी जाऊ नका." पण मुलीचा बाप, त्याला कोण अडवणार?

लग्नाच्या सकाळी दादांच्या मनात आलं की नकाशात मांडवाचं निशाण नाही. मी तेव्हा आचाऱ्यांना तांदूळ मोजून देत होतो. दादांनी मला हाक मारली नाही. त्यांना वाटलं, आज आपण स्वतः करू, इतके दिवस बघतोच आहोत. वर जाऊन त्यांनी कॉम्प्युटर लावला, फाइल उघडली, मांडवाचं निशाण ठेवलं आणि नकाशा भरायला लावला. लाइट गेली. यंत्र कोरं झालं. तेव्हा त्यांनी खाली येऊन मंडपवाल्याच्या जनरेटरची वायर काढली आणि माझ्या खिडकीतून वर ओढून घेतली. मांडवातल्या स्पीकरवरची सनई एका सुरावर अडखळून बंद पडली, पंखे थांबले, आणि भटजी घाम पुसत म्हणाले, "काय झालं?" काकी म्हणाली, "काय न्हाय. दादांचा नकाशा भरतोय."

नकाशा भरला. कुठली फाइल उघडली होती ते दादांनी पाहिलं नव्हतं. फायनल म्हणजे फायनल.

अंबाडीहून वरात निघाली. पुढं जीप, जीपमध्ये दादा यंत्र धरून, शेजारी मी. मागं नवरदेवाची गाडी, बँडवाल्यांचा टेम्पो आणि वऱ्हाडाच्या गाड्या. अंजूरजवळ गोदामांच्या तोंडाशी बँडवाले उतरले आणि वाजवत चालायला लागले. जीपचा ड्रायव्हर गावातलाच. तो म्हणाला, "दादा, मांडव पुढच्या फाटकाला हाय ना? तोरन दिसतंय की."

दादांनी वर बघितलंच नाही. "यंत्र काय सांगतंय?"

"मना काय म्हाईत?"

"यंत्र सांगतंय, वळ!"

"दादा, ते गोदाम आहे," मी म्हणालो.

"मास्तर, आज माज्या पोरीचं लगीन हाय. आज तरी भरवसा ठेवा." ते इतक्या कळवळून म्हणाले की ड्रायव्हर वळला.

जीप वळली, बँड वळला, वरात वळली. मोठं लोखंडी फाटक उघडंच होतं, एक ट्रक नुकताच बाहेर पडला होता. वाजतगाजत सगळे आत. आणि मग बँडचा आवाज पत्र्यांत घुमला तसे एकेक वादक थबकले. समोर नवेकोरे पांढरेशुभ्र कमोड होते. काही खोक्यांत, काही उघडे. उघड्या आवारात रांगाच्या रांगा, थेट कुंपणाच्या भिंतीएवढ्या उंच.

मागं वॉचमननं घाईघाईनं फाटक लावून घेतलं. तो उत्तरेकडचा, नुकताच नोकरीला लागलेला, आणि नियमाचा पक्का. "रुको! गाड़ी में माल क्या है?"

"माल?" दादा जीपमधून उतरत म्हणाले. "माल नहीं है. दूल्हा है!"

"दूल्हे का गेटपास?"

"अरे, मैं मालिक हूँ इस जगह का!"

"सब यही बोलते हैं," वॉचमन शांतपणे म्हणाला. "बिना गेटपास अंदर आया, तो बाहर जाने का गेटपास कैसे बनेगा? साहब को फोन लगाना पड़ेगा." साहेबांचा फोन लागेना. दादांनी आजूबाजूला बघितलं, भिंत बघितली, वाकून जमीन बघितली, आणि कपाळावर हात मारला. "मास्तर, ह्यो म्हसखड्डा हाय." म्हणजे जमीन त्यांचीच होती. पण ते वॉचमनला कसं पटवणार?

मुहूर्त जवळ येत होता. मांडव भिंतीच्या पलीकडेच होता, तिकडून काकीचा आवाज ऐकू येत होता, "बँड वाजतोय कुठं? जमिनीतून येतोय का आवाज?" उकाड्यात वऱ्हाड घामाघूम झालेलं. वॉचमन वाईट माणूस नव्हता. नवरदेवाची आई उभी आहे हे बघून त्याला वाटलं, बाईमाणूस, वयस्कर, बसायला द्यावं. त्यानं हाताला लागला तो एक नवा कमोड ओढून आणला, झाकण लावलं, रुमालानं पुसलं आणि अदबीनं म्हणाला, "बैठिए माताजी."

विहीणबाईंनी आधी त्या आसनाकडे बघितलं, मग दादांकडे. "माज्या एकुलत्या एक पोराची वरात," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आनि मना संडासावर बसवता?" मग आवाज चढला. "बँडवाल्यांनो, फिरा! गाड्या फिरवा! लगीन न्हाय व्हायचं!"

गाड्या फिरून जाणार कुठं? फाटक बंद. पण त्या बाईनं पाठ फिरवली ती फिरवली. दादा यंत्र हातात धरून उभे होते. डोळ्यांतलं पाणी यंत्राच्या पडद्यावर पडत होतं. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मुलीचं लग्न मोडतंय, आणि आपण तिला फक्त एका भिंतीच्या अंतरानं चुकलोय, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

तेवढ्यात भिंतीवर मुंडावळ्या दिसल्या. पलीकडून मंडपवाल्याची शिडी लावून मनीषा वर चढली होती. शालू खोचलेला, हातात हार. तिनं खाली बघितलं. कमोड, बँडवाले, वॉचमन, नवरदेव, बाप. तिला काय झालं ते सांगावं लागलं नाही. वडिलांना ती जन्मापासून ओळखत होती.

"दादा, रडू नका," ती म्हणाली. मग सासूकडे वळली. "आई, भटजी म्हणतात मुहूर्त चाललाय. मला तिकडं यायला फाटक नाही, यांना इकडं यायला गेटपास नाही. मधी अंतरपाट लागतोच ना? तो हाय की." आणि तिनं भिंतीवर हात आपटला.

कुणीतरी हसलं. मग अख्खं वऱ्हाड हसलं. नवरदेव आईकडे न बघता खोक्यांच्या रांगेवर चढायला लागला. बँडवाल्यांनी त्याला मागून आधार दिला. भटजी पलीकडे दुसऱ्या शिडीवर चढले, आणि भिंतीचा अंतरपाट करून मंगलाष्टकं सुरू झाली. अक्षता दोन्ही बाजूंनी उडत होत्या, अर्ध्या कमोडमध्ये पडत होत्या. शेवटच्या 'सावधान'ला नवरानवरी भिंतीवरून वाकले आणि हार घातले. वॉचमननंही अक्षता टाकल्या. मग साहेबांचा फोन लागला आणि त्यानं रीतसर गेटपास लिहिला: एक दूल्हा, नया, टूट-फूट नहीं.

लग्न लागलं, पण विहीणबाई काही विरघळल्या नाहीत. जेवल्या नाहीत, आहेर घेतला नाही, गाडीत बसून राहिल्या. पुढं महिना-दीड महिना तसाच. मनीषाचा फोन आला की काकी पदर डोळ्याला लावायची. सासूबाई वाईट वागवत नव्हत्या, पण माहेराचं नाव निघालं की तोंड फिरवायच्या. मनीषानं माहेरी जाऊ का विचारलं तर म्हणाल्या, "त्या घरात मना बसायला संडास देतात."

दादांनी यंत्र कपाटात टाकलं होतं. एके दिवशी ते पँट घालून वर आले. "मास्तर, एकच रस्ता भरून दे. हितून पोरीच्या घरापावतर. मी एकटा जातो आनि त्या बाईच्या पाया पडतो. घोळका नको. बायकोबी नको."

मी नकाशा केला, 'खरा फायनल' नीट बघून घेतला आणि भरला. दादा मोटरसायकलवरून गेले. काकीनं फोन करून कळवलं, तसं तिकडं मनीषानं सासूला सांगितलं की दादा एकटे निघालेत. पुढचं मला दादांनी परत आल्यावर सांगितलं.

अंबाडी नाक्यावर त्यांनी गाडी थांबवली, तर समोर विहीणबाई. छत्री टेकून उभ्या. दादा घाबरलेच. वाकायला गेले तर त्या म्हणाल्या, "पाया-बिया नंतर. तुमी एकटे निघालात म्हनून ऐकलं. तुमाला सोडलं तर तुमी गुजरातेत पोचाल, आनि गाव हसंल ते माज्याच सुनंला. चला. ते यंत्र खिशात घाला. मी दाखवते वाट, आमची जवळची वाट हाय."

दादांनी यंत्र बंद केलं. विहीणबाई मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसल्या आणि बोट दाखवत राहिल्या. हितं वळा. आता तिकडं. डांबरी रस्ता संपला, मातीचा लागला, मग तोही संपला. समोर तारेचं कुंपण. वळले, तर दुसरं कुंपण, आत मुंबईवाल्याचा नवा बंगला आणि हिरवळ. तिसरीकडं नुसतेच प्लॉट, दगडांवर आकडे. विहीणबाई खाली उतरल्या. या बाजूला बघितलं, त्या बाजूला बघितलं.

"हितून वाट व्हती," शेवटी म्हणाल्या. "हितून मी पोराला काखेत घेऊन जायचे. हितं मोहाचं झाड व्हतं. त्याच्या बुडाशी टेकायचे."

"हरवलो का?" दादांनी विचारलं.

"मी न्हाय हरवले," त्या चिडून म्हणाल्या. आणि मग तारेला धरून त्या जमिनीवर बसल्या. "वाट हरवली."

दादाही बसले. त्यांनी खिशातून यंत्र काढलं, चालू केलं, वरचे यायची वाट बघितली. मग म्हणाले, "मोह कुठं व्हता म्हनालात? नेमका दाखवा."

मनीषानं दुपार कलेपर्यंत वाट पाहिली आणि मग नवऱ्याची स्कूटर घेऊन शोधायला निघाली. ती पोचली तेव्हा तिला दिसलं की तिचे वडील तळहातावर यंत्र धरून, हात डोक्याच्या वर करून कुंपणाकडेनं चाललेत, आणि पुढं सासूबाई छत्रीनं खुणा करताहेत. "हितं ओढा. लिवा ओढा. हितं माजी शेळी वाघरानं नेली. ते लिवा. न्हाय, दोन पावलं मागं."

"आई! दादा!" मनीषा ओरडली. "काय करताय? घर हे काय मागंच आहे, छप्पर दिसतंय बघा!"

दोघांनीही वळून बघितलं नाही.

"तू हो पुढं," विहीणबाई म्हणाल्या. "भात लाव आनि चुलीवर सुकट भाज, तुज्या बापाला आवडते म्हनून सांगत व्हते. आमाला येळ लागंल. अजून नदीपावतरचं ऱ्हायलंय."